उन्हाळा, वळीव आणि गच्चीवरची कोथिंबीर

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरची गच्ची, दिवसभर ऊन. कुंड्यांत कोथिंबीर, पुदिना, तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा. एप्रिलमध्ये ऊन चढलं तसं ताईंनी सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं, तरी पुदिन्याच्या पानांच्या कडा करपल्या. मग एका आठवड्यात वळवाचे तीन तडाखे बसले. कोथिंबिरीची कोवळी रोपं आडवी झाली आणि तुळस बुडाशी काळी पडून गेली. आता त्या विचारताहेत की शेडनेट (सावलीसाठीची जाळी) लावायचं का, पाणी नक्की किती घालायचं, मे महिन्यात कोथिंबीर येते का, आणि सुट्टीत आठ दिवस कोकणात गेल्यावर झाडांचं काय करायचं.

ताई, आधी तुळशीबद्दल बोलू. ती वळवानं गेली असं तुम्हाला वाटतंय, पण खोड बुडाशी काळं पडलंय म्हणजे ती बहुतेक त्याआधीच निम्मी गेली होती. तुळशीला दोन वेळचं पाणी चालत नाही. खालच्या ताटलीत पाणी साठून राहिलं, मुळांना हवा मिळेना, बुरशी धरली. वळवानं फक्त शेवटचा धक्का दिला. नवीन तुळस लावाल तेव्हा तीच माती वापरू नका. ती दोन आठवडे प्लास्टिकवर पसरून कडक उन्हात तापवा. उन्हाळ्याचा हा एक फायदा फुकटात मिळतो.

माझ्या रोपवाटिकेत एप्रिल-मे महिन्यात जे लोक तक्रार घेऊन येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं झाड उन्हानं मेलेलं नसतं. उन्हाला घाबरून घातलेल्या पाण्यानं ते मेलेलं असतं. कोल्हापूरचा उन्हाळा नुसता कडक असता तर सोपं होतं. इथं चार दिवस पारा चाळिशीला टेकतो, पाचव्या दिवशी दुपारी उकाडा वाढतो, चारच्या सुमारास आभाळ दाटतं, धुळीचा लोट येतो आणि अर्ध्या तासात गच्चीवर घोटाभर पाणी. पुढचे दोन दिवस मळभ आणि दमट हवा, मग परत जाळ ऊन. या अशा हवेत ठरलेल्या वेळी ठरलेलं पाणी ही पद्धतच चुकते. आभाळाकडे किंवा घड्याळाकडे बघून पाणी घालू नका, कुंडीकडे बघून घाला.

कुंडीकडे बघायचं म्हणजे काय? बोट दोन पेरं मातीत खुपसा. खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, मग वर माती कितीही पांढरी पडलेली असो. दुपारी दोन वाजता पुदिना किंवा मिरची मान टाकते, तेव्हा लगेच बादली घेऊन धावू नका. कडक उन्हात पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना तेवढ्या वेळात ओढता येत नाही, म्हणून पान लोळतं. सूर्य कलल्यावर ते आपोआप उभं राहिलं तर झाड ठीक आहे. सकाळी सहा-सातला जाऊनही पान लोळलेलंच असेल आणि माती कोरडी असेल, तर ती खरी तहान. आणि माती ओली असूनही पान लोळलेलं असेल, तर मूळ सडतंय. अशा वेळी पाणी घालणं म्हणजे झाड घालवणं.

दुसरी गोष्ट जरा नीट बघा, कारण आपल्याकडे ही हमखास घडते. नदीकाठची काळी माती कुंडीत भरलेली असली की ती उन्हात आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. कडेनं करंगळी जाईल एवढी फट पडते. तुम्ही तांब्याभर पाणी ओतता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं आणि तळाच्या भोकातून लगेच वाहायला लागतं. तुम्हाला वाटतं कुंडी भिजली. प्रत्यक्षात मधला गड्डा ठणठणीत कोरडा असतो. तुम्ही दोनदा पाणी घालत होतात आणि तरी पुदिना करपत होता, त्याचं एक कारण हे असू शकतं. ओळखायची खूण सोपी आहे: पाणी ओतल्यावर काही क्षणांतच खालून धार लागली तर फट आहे असं समजा. अशी कुंडी टबात पाणी घेऊन त्यात वीस मिनिटं ठेवा, म्हणजे माती खालून पाणी ओढून घेईल. वर बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. मग खुरप्याच्या टोकानं वरची माती हलकेच मोकळी करून फट बुजवा.

कडा करपण्याचं दुसरं कारण क्षार. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरट थर दिसेल. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मातीतच राहतात आणि रोजच्या पाण्याबरोबर वाढत जातात. पुदिन्यासारख्या नाजूक झाडाच्या पानांची टोकं आणि कडा आधी तपकिरी होतात. यावर उपाय म्हणजे पंधरा-वीस दिवसांतून एकदा कुंडीतून खालून भरपूर वाहील इतकं पाणी सोडून माती धुवायची आणि नीट निथळू द्यायची. शक्य तर त्या दिवशी नळाचं गोडं पाणी वापरा. वळवाचा पाऊस हे काम स्वतःच करतो. पहिल्या चांगल्या सरीनंतर झाडं अचानक तरतरीत दिसतात, त्यात थंडाव्याइतकाच या धुण्याचाही वाटा असतो. मात्र त्याच पाण्याबरोबर खतही वाहून जातं. म्हणून मोठ्या पावसानंतर तीन-चार दिवसांनी, माती थोडी सुकली की, कुंडीला मूठभर गांडूळ खत द्यायचं. ऐन कडक उन्हात मात्र खत नको, आणि शेंगदाण्याची ताजी पेंड तर अजिबात नको. ती कुजताना तापते आणि मुळांना चटका बसतो.

माती कशी हवी? एकाच मिश्रणानं पाणी धरूनही ठेवलं पाहिजे आणि जास्तीचं सोडूनही दिलं पाहिजे. आपल्याकडे ते जमतं, कारण पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती आणि नदीकाठची काळी माती दोन्ही जवळच मिळतात. दोन भाग तांबडी, एक भाग काळी, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठ-दोन मूठ जाड वाळू. कोणी शिरोळ भागातल्या शेतातली माती फुकट देतो म्हणालं तर आधी चौकशी करा, त्या तालुक्यात क्षारपड झालेली जमीन बरीच आहे. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, तसंच ठेवा आणि पुढच्या वर्षी वापरा.

आता आच्छादन. याबाबतीत कोल्हापूरकरांनी कोकोचिप्सची पिशवी विकत आणावी याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. ऊस गेलेल्या रानात पाचट पडलेलं असतं, शेतकरी ओळखीचा असेल तर पोतंभर सहज देतो. कात्रीनं चार बोटं लांबीचे तुकडे करा आणि मातीवर दोन इंच थर द्या. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड ओलं राहून तिथूनच सडतं. पाचटानं मातीतलं पाणी उडणं कमी होतं हे सगळ्यांना माहीत आहे. वळवात त्याचा दुसरा उपयोग आहे. पावसाचा जाड थेंब उघड्या मातीवर आपटला की चिखल उडून पानांना लागतो आणि मातीतली बुरशी पानांवर जाते. पाचट असेल तर थेंब त्यावर फुटतो. जूनमध्ये पाऊस लागून राहिला की मात्र हा थर काढून घ्या, त्याखाली गोगलगायी घर करतात.

जागेबद्दल एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या ६-७ तारखेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावली दिवस म्हणतात. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. याचा अर्थ असा की गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्यालगत हिवाळाभर सावलीत सुखानं वाढलेला पुदिना मे महिन्यात त्याच जागी उघडा पडतो. ‘तीच जागा, तीच कुंडी, मग याच वर्षी काय झालं’ असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. मे महिन्यात सावली हवी असेल तर पाण्याच्या टाकीची पूर्व बाजू सगळ्यात चांगली. सकाळचं ऊन मिळतं, दुपारनंतर टाकीची सावली. कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम असतो आणि तळाची मुळं शिजतात. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा.

शेडनेट लावा, पण सगळ्यांवर नको. ५० टक्के सावलीचं पुरे. ७५ टक्क्यांच्या नेटखाली पुदिना लांबट आणि फिकट होतो, त्याचा वासही उतरतो. पुदिना, कोथिंबीर आणि असेल तर बेसिल एवढ्यांना नेटखाली घ्या. तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा यांना ऊनच हवं, त्यांना नेटखाली ठेवलंत तर उलट मावा आणि पिठ्या ढेकूण येतात. नेट साडेसहा-सात फुटांवर, पश्चिमेकडे उतार देऊन बांधा. सपाट बांधलं आणि गारा झाल्या तर मधोमध गारांचा ढीग साठून ते खाली येतं, उतारावरून त्या घरंगळून जातात. आणि चारही कोपरे कायमचे आवळून टाकू नका. दोन कोपऱ्यांना ओढली की सुटणारी गाठ मारा. वादळी वाऱ्यात आवळलेलं नेट शिडासारखं फुगतं आणि नेट तर फाटतंच, पण पाइपही वाकवतं.

वळवाच्या दिवशी काय करायचं ते ठरवून ठेवलेलं बरं. हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज आणि वादळाचे इशारे मोबाइलवर मिळतात. विजांसाठी ‘दामिनी’ हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं अ‍ॅप आहे, ते जवळपास वीज पडण्याचा धोका सांगतं. दुपारनंतर आभाळ भरायला लागलं की कुंड्यांखालच्या ताटल्या काढून घ्या, उंच कुंड्या कठड्यालगत सरकवा किंवा सरळ आडव्या करा, कोवळ्या रोपांचे ट्रे आत घ्या. विजा सुरू झाल्यावर मात्र गच्चीवर जाऊ नका. पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी जीव धोक्यात घालणारी माणसं मी बघितली आहेत. ताटल्यांचा विषय निघालाच आहे तर, त्यात साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. आठवड्यातून एकदा त्या घासून कोरड्या करायच्याच, पाऊस असो वा नसो.

पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक फेरी मारा. कुंडी तिरकी करून बघा, तळाच्या भोकातून पाणी येत राहिलं तर भोक तुंबलंय, काडी घालून मोकळं करा. गारांनी फाटलेली पानं कात्रीनं काढा, हातानं ओढू नका. पुदिना फारच चिरडला असेल तर मातीपासून तीन बोटांवर सपाट कापा. बिचकू नका, आठ-दहा दिवसांत खालून नवीन फुटवे येतात आणि ते जुन्यापेक्षा चांगले असतात. त्यानंतरच्या दमट दिवसांत पुदिन्याच्या पानांच्या मागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. ती फांदी काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. उलट कोरड्या उन्हात पानांवर बारीक पिवळसर ठिपके आणि खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला सकाळी पानांच्या मागच्या बाजूनं जोरात पाण्याचा फवारा पुरतो. निंबोळी तेल लागलंच तर लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घुसळून, आणि संध्याकाळीच मारा. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात.

कोथिंबिरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मे महिन्यात जुडीएवढी कोथिंबीर कुंडीत काढायचा हट्ट सोडा. ती थंडीची भाजी आहे. माती फार तापली की धणे नीट उगवत नाहीत, आणि उगवले तर चार पानं देऊन झाड लगेच फुलोऱ्यावर जातं. कपिलतीर्थ मार्केटमध्येही मेमध्ये कोथिंबीर महाग होते ती काही उगाच नाही. पण मिसळीवर भुरभुरायला पुरेल एवढी घरची कोथिंबीर मिळू शकते. वीतभर खोलीचा पसरट ट्रे घ्या. धणे लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाका करा, पूड होता कामा नये. एका धण्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवून, निथळून, दाट पेरा, वर अर्धा इंच माती, आणि ओलं गोणपाट झाका. ट्रे गच्चीवर नको, खालच्या गॅलरीत किंवा परड्यात उजेडाच्या सावलीत ठेवा. साधारण आठ-दहा दिवसांत कोंब दिसतील. दिसले की त्याच दिवशी गोणपाट काढा, उशीर केलात तर रोपं पांढरी आणि लांबट होऊन कोलमडतात. चार-पाच बोटं उंच झाली की मुळासकट उपटून वापरायची, मोठी व्हायची वाट बघायची नाही. दर दहा दिवसांनी एक ट्रे पेरत राहिलात तर जूनपर्यंत स्वयंपाकघर चालतं. धणे वाण्याकडचे चालतात, पण जुने नकोत. आधी दहा-वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा.

याऐवजी उन्हाळ्यात आपणहून वाढणाऱ्या झाडांवर भर दिलात तर त्रास निम्मा होईल. गवती चहाला फक्त ऊन आणि पाणी लागतं, जमिनीपासून वीतभर ठेवून वरचा भाग कापत राहा. पानओव्याची फांदी मोडून खोचली की लागते. त्याच्या मांसल पानांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे तो तहानेनं मरत नाही, लाडानं मरतो. कढीपत्त्याला उन्हातच फुटवा येतो. शेंडे खुडत राहिलात तर झाड डेरेदार होतं. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती फुलपाखराची आहे, हातानं उचलून दुसरीकडे ठेवा. कढीपत्त्याला आंबट ताक घालण्याचा रिवाज घरोघरी आहे. चमत्कार काही होत नाही, पण काळ्या मातीत आणि क्षाराच्या पाण्यात नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहत असतील तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं, आणि आंबटपणामुळे थोडा फरक पडू शकतो. पातळ करून, महिन्यातून एकदा. रोझमेरी आणि थाइमची हौस असेल तर पावसाचा थेंब लागणार नाही अशी जागा आधी बघा. उन्हाळा ती सहज काढतात, पण जुलैच्या ओलीत जातात.

आलं लावायचं असेल तर हेच दिवस. अक्षय तृतीयेच्या सुमारास एक-दोन डोळ्यांचे तुकडे चार-पाच सेंटिमीटर खोल लावा आणि पाचटाचा थर द्या. कोंब येईपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा, चिखल नको.

नेट कधी काढायचं? मृग निघाला की काढायचं असा जुना हिशोब आहे, पण आता तारखेवर भरवसा ठेवता येत नाही. २०२३ मध्ये मान्सून केरळात ८ जूनला आला आणि मुंबईत पोचायला २५ जून उजाडला. २०२५ मध्ये तो केरळात २४ मेलाच दाखल झाला आणि मुंबईत २६ मेला. मुंबईपुरतं बघितलं तर दोन वर्षांत महिन्याचा फरक! २०२३ मध्ये ७ जूनला नेट उतरवणाऱ्यांची झाडं पुढचे दोन-तीन आठवडे भाजली, आणि २०२५ मध्ये मे महिनाभर पाचट आणि ताटल्या तशाच ठेवणाऱ्यांची सडली. म्हणून तारीख बघू नका. सलग तीन-चार दिवस ढग राहिले आणि कुंडीत बोट घातल्यावर पाणी न घालताही ओल लागत असेल, तर नेट काढा, ताटल्या काढा आणि पाणी बंद करा. मध्येच ऊन पडलं तर नेट परत चढवायला पाच मिनिटं लागतात, त्यासाठीच ती सुटणारी गाठ.

आता तुमचे कोकणातले आठ दिवस. जाण्याच्या आदल्या दिवशी पुदिना अर्ध्यावर कापा, पानं कमी झाली की तहानही कमी होते. कुंड्या टाकीच्या पूर्वेला एकमेकींना चिकटवून ठेवा, सगळ्यांना टबात बुडवून पोटभर पाणी पाजा, पाचटाचा थर तीन इंच करा. पुदिन्यासाठी विटांवर थोडी उंच बादली ठेवून जुन्या सुती साडीची वळलेली पट्टी बादलीतून कुंडीत खोलवर सोडा, पाणी झिरपत राहतं. आधी दोन दिवस ही पट्टी लावून बघा, किती वेगानं झिरपते ते कळेल. तुळशीला पट्टी नको. तुम्ही नसताना वळीव आला तर तिला दोन्हीकडून पाणी होईल. शेजारच्या काकूंना ‘रोज पाणी घाला’ असं सांगू नका, माणसं प्रेमानं दोन तांबे जास्त घालतात. त्यांना एकदा बोट घालून ओल कशी बघायची ते दाखवा आणि तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा एवढंच त्यांच्याकडे सोपवा. पानओवा लावला असलात तर त्याचं नावसुद्धा काढू नका, त्याला आठ दिवस पाणी नसलं तरी चालतं.